तेराव्याची जिलबी आणि हॅम्लेटचे टोमणे

कुंपणावरची | विभाग: नाटक-साहित्य | शनिवार, रात्री ११:४०

बाबांच्या तेराव्याला गोडाच्या जेवणात जिलबी होती. पंगती उठल्यावर दादा आचाऱ्याला म्हणाला, "उरलेली नीट झाकून ठेवा हो, हिच्या साखरपुड्याला होईल." सगळे हसले. मीही हसले. आत्या डोळे पुसत म्हणाली, "बघा, पोरगा किती धीराचा आहे."

याला आता नऊ वर्षं झाली. परवा शेक्सपियरचं हॅम्लेट पुन्हा वाचायला घेतलं आणि पहिल्या अंकातच ती जिलबी समोर आली. होरेशियो हॅम्लेटला म्हणतो, मी तुमच्या वडिलांच्या अंत्ययात्रेला आलो होतो. हॅम्लेट म्हणतो, थट्टा नको मित्रा, माझ्या आईच्या लग्नाला आला असशील. होरेशियो बिचारा चाचरत म्हणतो, हो, लागोपाठच झालं खरं. त्यावर हॅम्लेट: काटकसर रे, काटकसर! मयताला केलेलं मांस थंडगार झालं, तेच लग्नाच्या पंगतीत वाढलं. (भाषांतर माझं, ओबडधोबड आहे. सुधारून द्या.)

मी पुस्तक मिटून ठेवलं.

आम्हाला कॉलेजात हॅम्लेट होतं तेव्हा वीस मार्कांचा प्रश्न ठरलेला, 'हॅम्लेटच्या दिरंगाईची कारणे विशद करा'. चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढून बघा, बापाचं भूत, सूड घेण्यातली दिरंगाई, 'जगावं की मरावं' यापलीकडे काही नाही. या नाटकात सर्वात जास्त विनोद करणारा माणूस हॅम्लेट स्वतः आहे, हे कुणी सांगितलंच नाही. त्याचं नाटकातलं पहिलं वाक्यच टोमणा आहे. राजा, म्हणजे त्याच्या आईशी लग्न केलेला चुलता, त्याला भर दरबारात 'माझा पुतण्या आणि आता माझा पुत्र' म्हणतो, आणि हा स्वतःशी पुटपुटतो की नातं जरा जास्तच झालं आणि आपलेपणा जरा कमीच. पुढे राजा विचारतो, अजून तुझ्यावर ढग का दाटलेत? हा म्हणतो, छे महाराज, मला तर ऊन फारच लागतंय. इंग्रजीत ऊन आणि मुलगा या शब्दांचा उच्चार एकच आहे, त्यावरची ती कोटी.

आता गंमत बघा. हे सगळं भूत भेटायच्या आधीचं आहे. वेडाचं सोंग घ्यायचं तो ठरवतो ते भूत भेटल्यावर. म्हणजे तिरकं बोलणं हा सोंगाचा भाग नाही. ते त्याच्यापाशी आधीपासून होतं आणि सोंगाने त्याला फक्त परवाना दिला. आणि भूत भेटल्यावरही हा काय करतो? बापाचा आत्मा रंगमंचाखालून "शपथ घ्या" म्हणून ओरडतोय, आणि हा खाली बघून त्याला म्हणतो, शाब्बास रे म्हाताऱ्या घुशी, जमिनीखालून काय झपाझप पळतोस! प्राध्यापक ही जागा भराभर वाचून पुढे जायचे. मला वाटतं अख्ख्या नाटकात सर्वात घाबरलेला हॅम्लेट तिथे आहे.

पण ज्या जागेसाठी हा धागा काढला ती दुसऱ्या अंकात आहे. पोलोनियस हा राजाचा प्रधान. हॅम्लेटला काय झालंय ते काढून घ्यायला आलाय. मला ओळखलंत का, विचारतो. हॅम्लेट म्हणतो, न ओळखायला काय झालं, तुम्ही मासेवाले. काय वाचताय? शब्द, शब्द, शब्द. विषय काय आहे? कुणाकुणामधला? जरा वाऱ्यातून आत येता का? कुठे, थडग्यात? प्रेक्षक इथवर खो खो हसत असतात. मग पोलोनियस निरोप घेतो, येतो मी, आज्ञा घेतो. हॅम्लेट म्हणतो, माझ्याकडून यापेक्षा आनंदाने मी देईन असं तुम्ही काही घेऊच शकत नाही. आणि पुढे, त्याच दमात: माझा जीव सोडून, माझा जीव सोडून, माझा जीव सोडून.

तीनदा.

पहिल्यांदा तो टोमणा आहे. तिसऱ्यांदा तो टोमणा उरत नाही. विनोद करता करता पाय घसरून माणूस खाली पडला, आणि पडताना जे तोंडातून निघालं ते हे. पोलोनियस त्यावर काय म्हणतो? 'येतो सरकार.' थोडं आधीच त्याने शेरा मारलेला असतो की हे वेड असेल, पण त्यात काहीतरी पद्धत आहे. शब्दांतली हुशारी त्याला बरोबर ऐकू आली. जीव सोडून, हे ऐकू आलं नाही.

लगेच त्याच प्रवेशात रोझेनक्रांट्झ आणि गिल्डनस्टर्न हे बालमित्र येतात. त्यांना तो एकदाच सरळ सांगतो. हल्ली माझा आनंद कुठे गेला कळत नाही, व्यायाम सुटला, ही एवढी सुंदर पृथ्वी मला ओसाड खडकासारखी वाटते, माणूस आवडेनासा झालाय. आजच्या डॉक्टरने केसपेपरवर लिहावं इतकं स्वच्छ सांगतो. मित्र हसतो. हसलास का विचारल्यावर म्हणतो, माणूस आवडत नाही म्हणता, मग ती नाटकमंडळी येतायत त्यांचं काय स्वागत होणार, असं मनात आलं!

दादा आता एकावन्न वर्षांचा आहे. बाबांनंतर दोन वर्षांनी नोकरी गेली, मग वहिनी मुलीला घेऊन माहेरी. फोनवर 'कसा आहेस' विचारलं की 'वरच्या रांगेत उभा आहे, टोकन मिळालंय' म्हणतो. मी हसते. नऊ वर्षं हसतेय. प्रश्न एवढाच आहे, की अशा माणसाला नेमकं काय उत्तर द्यायचं असतं?

मीठभाकर | रविवार, सकाळी ७:१२

वाचनखूण साठवली. तीनदा येणारं ते वाक्य मी कधी असं वाचलंच नव्हतं.

ताराराणी_चौक | रविवार, सकाळी ९:०५

लेख आवडला, पण हॅम्लेटला इतकी सहानुभूती देताना त्याची प्रेयसी ऑफेलिया कुठे गेली? राजावर, पोलोनियसवर टोमणे मारणं ठीक. ते सत्तेत आहेत. ऑफेलियाला 'मठात जा' म्हणतो, मग नाटकातल्या नाटकाच्या वेळी तिच्या मांडीशी बसून भर सभेत तिच्याशी अश्लील कोट्या करतो. ती काय करते? 'महाराज आज आनंदात दिसतात', एवढंच बोलते. तिथेच हॅम्लेट म्हणतो, बघा माझी आई किती खुशीत आहे, आणि बाप जाऊन दोन तास नाही झाले. ती दुरुस्त करते, नाही महाराज, दोन दुणे चार महिने झाले. मला ती ओळ फार लागते. ती शांतपणे तारीख सांगतेय, कारण त्या घरात तारखा लक्षात ठेवणारी तीच एकटी उरलीय.

आणि खरं वेड लागतं ते तिला. तिच्याकडे टोमणे नव्हते. गाणी होती, फुलं होती. राजपुत्राला उपरोध परवडतो, प्रधानाच्या मुलीला परवडत नाही. तुमच्या वहिनी माहेरी गेल्या म्हणता. त्यांनी किती वर्षं टोमणे ऐकले, तेही विचारा कधीतरी. (राग नसावा.)

कुंपणावरची | रविवार, सकाळी ९:४८

@ताराराणी_चौक, राग कसला. खरं सांगायचं तर वहिनी मला एकदाच म्हणाली होती, 'याच्याशी भांडताही येत नाही गं, तो भांडणाचाही विनोद करतो.' तेव्हा मला वाटलं होतं, किती चांगला नवरा.

खवट_डॉक्टर | रविवार, दुपारी १:३०

मी मानसोपचारात काम करतो, म्हणून दोन शब्द. विनोदाने माणूस सावरतो हे सरसकट खरं नाही. रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रश्नावली मांडली, त्यात विनोदाच्या चार तऱ्हा आहेत. माणसं जोडणारा विनोद, स्वतःला उभारी देणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःलाच कमी लेखणारा. पहिल्या दोन तऱ्हा ज्यांच्याकडे जास्त असतात ते सहसा बरे असतात, शेवटच्या तऱ्हेचं उदासीनतेशी जवळचं नातं दिसतं. हॅम्लेटकडे तिसरी आणि चौथी भरपूर आहे, पहिली जवळपास शून्य.

फ्रॉइडच्या १९२७ सालच्या विनोदावरच्या लेखात एक किस्सा आहे. सोमवारी सकाळी फाशी द्यायला नेत असलेला कैदी म्हणतो, 'वा, आठवड्याची सुरुवात छान झाली.' फ्रॉइडला त्यात माणसाची शान दिसते. मलाही दिसते. पण माझ्याकडे येणाऱ्यांना फाशी नसते, मंगळवार असतो, बुधवार असतो. त्यांना त्या वाक्यावर अख्खा आठवडा काढायचा असतो. तिथे ते वाक्य पुरत नाही.

धागाकर्तीला: 'टोकन मिळालंय' हा विनोद आहे की नाही हे फोनवरून मलाही ठरवता येणार नाही. त्यामुळे विचारायचं. 'मरायचे विचार येतात का?' असं सरळ, याच शब्दांत. विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवीन खूळ शिरत नाही, ही भीती निराधार आहे. आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक त्याला देऊन ठेवा, तो त्यावरही विनोद करेल ते धरून.

अवांतर_आजोबा | रविवार, दुपारी ४:०२

हॅम्लेट म्हटलं की मला आगरकर आठवतात. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात (बदनामीचा खटला) टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. त्या दिवसांत आगरकर हॅम्लेटच्या भाषांतरात गुंतले होते, ते पुढे १८८३ मध्ये 'विकारविलसित' म्हणून छापून आलं. 'डेन्मार्क हा एक तुरुंग आहे' ही ओळ डोंगरीच्या कोठडीत बसून वाचणं म्हणजे काय असेल! पुढे पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली, ती कथा सर्वांना ठाऊक आहे. स्मशानातला हॅम्लेट मराठीत आणलेल्या माणसाच्या वाट्याला स्वतःची तिरडी बघणं आलं. दमेकरी माणूस, १८९५ मध्ये गेला तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती.

आमचे आजोबा शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशींचा हॅम्लेट पाहिल्याचं सांगायचे. काय पाहिलं विचारलं तर एवढंच म्हणायचे, 'तो थांबायचा रे. बोलता बोलता थांबायचा.' तुमच्या तीनदाच्या वाक्याशी याचा संबंध असेल का?

उत्तरेकडचा_वारा | रविवार, रात्री ८:१५

कोपनहेगनमध्ये असतो, त्यामुळे हजेरी लावणं भाग आहे. नाटकातलं एल्सिनोर म्हणजे हेल्सिंगोर, इथून ट्रेनने पाऊण तास. क्रोनबोर्ग किल्ला थेट समुद्रावर, समोर चार किलोमीटरवर स्वीडन दिसतं. इथून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचा राजा १८५७ पर्यंत जकात घ्यायचा. जकातनाका म्हणा ना. हिवाळ्यात तटावर उभं राहिलं की पहिल्या प्रवेशातला तो पहारेकरी 'कडाक्याची थंडी आहे आणि माझं मन आजारी आहे' असं का म्हणतो ते कळतं. वाऱ्याने कान दुखतात, खरंच.

पण मुद्दा वेगळा आहे. मूळ गोष्ट साक्सो या डॅनिश इतिहासकाराची, साधारण १२०० सालची. त्याचा आम्लेथही वेड्याचं सोंग घेतो, पण एक अट पाळतो. खोटं बोलायचं नाही. तो चुलीजवळ बसून लाकडाचे आकडे तासत असतो. काय करतोस विचारलं तर म्हणतो, बापाच्या सुडासाठी भाले करतोय. लोक हसतात. शेवटी त्याच आकड्यांनी तो दरबारातल्या झिंगलेल्या लोकांवर भिंतीचा पडदा खिळवतो आणि वाडा पेटवून देतो. चोरून ऐकणाऱ्या माणसाला मारून त्याचे तुकडे डुकरांना घालतो. तो कुठे गेला विचारलं तर खरं तेच सांगतो, मोरीत पडला, डुकरांनी खाल्ला. लोक पुन्हा हसतात.

आम्लेथचा विनोद म्हणजे डावपेच. त्याचं काम होतं, तो राजाही होतो. शेक्सपियरने सूड, सोंग, तिरकं बोलणं सगळं उचललं, फक्त आतून माणूस बदलला. आम्लेथला लोकांनी हसावं असं वाटतं. हॅम्लेटला वाटत असतं, एकाने तरी हसू नये.

कुंपणावरची | रविवार, रात्री ९:२०

@उत्तरेकडचा_वारा, शेवटचं वाक्य डायरीत लिहून घेतलं.

@अवांतर_आजोबा, थांबण्याबद्दल: मला वाटतं त्याला कुणी थांबवतच नाही, हीच रड आहे. अपवाद एक. पाचव्या अंकातला थडगं खणणारा. हॅम्लेट विचारतो, हे थडगं कुणाचं? तो म्हणतो, माझं. हॅम्लेटला वेड कसं लागलं? फार विचित्र लागलं म्हणतात. मग इंग्लंडला का धाडलं? वेड लागलं म्हणून, तिथे बरा होईल, आणि नाही झाला तरी बिघडत नाही, तिथले सगळे तसलेच आहेत. समोर कोण उभा आहे ते त्याला माहीत नाही. नाटकभर सगळ्यांना शब्दांत गुंडाळणारा हॅम्लेट इथे पहिल्यांदा सरळ प्रश्न विचारणारा होतो, आणि तिरकी उत्तरं समोरून येतात.

आणि त्याच खड्ड्यातून योरिकची कवटी निघते. राजाचा विदूषक. जमिनीत तेवीस वर्षं आहे. हॅम्लेट म्हणतो, याने मला हजारदा पाठुंगळी घेतलंय. बापाबद्दल तो नेहमी देवाबद्दल बोलल्यासारखा बोलतो, बापाने कधी अंगाखांद्यावर खेळवल्याची आठवण सांगत नाही. खेळवलं ते विदूषकाने. बोलणं शिकला ते बहुधा त्याच्याकडूनच. मग कवटीला विचारतो, कुठे गेल्या तुझ्या कोट्या? आता स्वतःच्या विचकलेल्या दातांवर करायला एकही उरली नाही?

ओला_काजू | सोमवार, सकाळी १०:३०

गंभीर धाग्यात मासे घेऊन येतोय, हलके घ्या. 'तुम्ही मासेवाले' हा आमच्याकडे अपमान होत नाही, फार तर चौकशी होते की आज इसवण काय भावाने. त्यामुळे मालवणीत पोलोनियस म्हणेल, 'होय तर, पापलेट होयां तां सांगा.'

भाषांतराबद्दल: पहिला टोमणा 'नातं वाढलं, आपलेपण आटलं' कसा वाटतो? आणि उन्हाच्या कोटीसाठी ऊन सोडून द्या. राजा म्हणतो ढग का दाटलेत, हॅम्लेट म्हणतो, 'ढग कसले महाराज, तुमच्या तोंडून पोरा-पोरा ऐकून जास्तच पोरका झालोय.'

ताराराणी_चौक | सोमवार, सकाळी १०:४१

पोरा-पोरका! साष्टांग दंडवत.

कुंपणावरची | सोमवार, सकाळी ११:०३

+१००. आता शेवटच्या अंकातलं करून दाखवा. राजाने विषाच्या प्याल्यात मोती टाकलेला असतो, राणी तो पिऊन मरते. हॅम्लेट उरलेलं विष राजाच्या नरड्यात ओततो आणि म्हणतो, तुझं 'युनियन' आहे ना यात? जा माझ्या आईच्या मागे. इंग्रजीत त्या शब्दाचे तेव्हा दोन अर्थ, टपोरा मोती आणि लग्नगाठ. स्वतः मरायला टेकलाय, चुलत्याला मारतोय आणि तरी कोटी करतोय.

खवट_डॉक्टर | गुरुवार, रात्री १०:१०

भावाशी बोलणं झालं का?

कुंपणावरची | शुक्रवार, रात्री १२:२५

झालं. काल. 'कसा आहेस' विचारलं, 'वरच्या रांगेत, टोकन मिळालंय' आलं. मी हसले नाही. विचारलं, 'कितवं?'

तो म्हणाला, 'काय कितवं?'

'टोकन कितवं आहे? रांग किती पुढे सरकलीय?'

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद केल्याचा आवाज आला. मग तुम्ही सांगितलेला प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. आवाज कापत होता माझा. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, 'मार्चमध्ये येत होते. आता रोज नाहीत.'

मार्चमध्ये मी त्याला तीनदा फोन केला होता. तीनही वेळा हसले होते.

चाळीस मिनिटं बोललो. त्यातली वीस त्याने मी घेतलेल्या गृहकर्जाची टिंगल केली. नंबर दिला, तर म्हणाला, 'तिथेही टोकन असतं का?' पण लिहून घेतला, कारण मला परत वाचून दाखवला. उद्या पहाटेच्या गाडीने त्याच्याकडे जातेय. जिलबी घेऊन जाऊ का, विचार करतेय.

खवट_डॉक्टर | शुक्रवार, सकाळी ६:५०

जा. जिलबी न्या. आणि जमलं तर माझ्यासारख्या कुणाकडे त्याच्याबरोबर तुम्हीही जा, बाहेरच्या बाकावर बसायला.

ओला_काजू | शनिवार, रात्री ११:५५

मोत्यावर सहा दिवस डोकं खाजवलं. युनियन जमत नाही, पण मोती आणि लग्न आपल्याकडे एकाच ठिकाणी असतात. नथीत. म्हणून: 'हा घे तिच्या नथीतला मोती. तिच्या नाकाला पेलला नाही, आता तुझ्या गळ्याखाली उतरतो का बघ. जा तिच्या मागे.'

जरा लांबलंय. मरताना माणूस इतकं बोलेल का, शंका आहे.